बंद खिडकीतलं खारं पाणी

जव्हारच्या त्या बोळात दोन खिडक्या इतक्या समोरासमोर होत्या, की एकीकडे फोडणी पडली की दुसरीकडे शिंक यायची. शलाका तिथं राहायला आली, त्या पहिल्याच संध्याकाळी केस पुसत खिडकीशी गेली, तर समोर एक गृहस्थ उभा. एकटक.

"काय बघताय?"

"मासा."

"मासा माझ्या खिडकीत पोहतो का?"

"नाही... माझ्या. इथं, खाली, काचेच्या टाकीत —"

"आधी खिडकी लावून घ्या."

त्याने लावली. इतक्या चटकन ऐकलं, याचाही तिला राग आला.

पंधरा दिवसांनी, भर मे महिन्यात, तोच गृहस्थ बाटली घेऊन तिच्या प्रयोगशाळेत हजर. शलाका गावोगावचं पिण्याचं पाणी तपासायची. हा चैतन्य, वाचनालयात ग्रंथपाल.

"समुद्री माशाचं पाणी आहे. पीएच सारखा उतरतोय. दिवसातून चार वेळा मोजतो. सोडा घातला की चढतो, सकाळी पुन्हा खाली. मासा आता खातही नाही."

"सकाळी मी सूर्यमाळला होते," शलाका म्हणाली. तिचा आवाज शांत झाला. तो असा शांत झाला, की ऑफिसातले लोक वादळ ओळखून चहाला जायचे. "विहिरीत नमुन्याची बाटली बुडेना. बाया तळाशी उतरून वाटीने हंडे भरत होत्या. आणि तुमच्या माशाची चार वेळा तपासणी."

"पाणी डहाणूच्या समुद्राचं आहे हो. मोटारसायकलवर दोन कॅन आणतो. आटतं तेवढी गोड्या पाण्याची भर घालावी लागते... ती मी अंघोळीतून वाचवतो."

"ते कळतंय."

तो दोन पावलं मागे सरला. हसू येईलसं वाटलं, म्हणून तिने बाटली ओढून घेतली. मीटरवर ७.७. मग तिने त्याला व्हरांड्यात उभं करून तेच पाणी दोन पेल्यांत वरखाली ओतायला लावलं. अर्धा तास.

झाडू मारणारी रुपीमावशी थांबून बघत राहिली. "बाय, हा चहा निववतो का काय?"

पुन्हा मीटर लावला. ८.१.

"पाण्याला काही झालेलं नाही," शलाका म्हणाली. "कोंडलेली, श्वासाची हवा मुरलीय त्यात. ओतताना ती उडाली, आकडा चढला. खोली बंद ठेवता?"

त्याने होकारार्थी मान हलवली.

"अहो, मेमध्ये खोली कोण बंद ठेवतं?"

"तुम्हीच म्हणालात... लावून घ्या."

"पंधरा दिवस?"

"कधी उघडायची, ते नव्हतं सांगितलं."

टँकर, रस्ते, वरून येणारे कागद — तिच्या संतापाला रोजचं काम पुष्कळ होतं. पण या माणसावर तो सुरू कुठून करावा, तेच कळेना.

"सोडा बंद. आकड्यामागे धावून मासा माराल. आठवड्यातून एकदा, ठरावीक वेळी मोजायचं. आणि आज खिडकी उघडायची. सताड."

"म्हणजे उद्या बाटली आणायची नाही?" त्याचा चेहरा उतरला.

"इथं माणसांचं पाणी तपासतात. माझं स्वतःचं मीटर आहे घरी. शनिवारी मी येईन. आणि ते दोन कॅन घासून ठेवा. सोमवारी पिण्याचं पाणी भरून सूर्यमाळला जायचंय."

"दोघांनी? कॅन बांधल्यावर जागा...?"

"कॅन बाजूंना बांधायचे. मागची सीट मोकळी राहते."

संध्याकाळी समोरची खिडकी करकरत उघडली. शलाका हाताची घडी घालून उभीच होती. टाकीत नारिंगी, पांढऱ्या पट्ट्यांचा मासा. मागे चैतन्य, अंघोळ केलेला.

"बोटभर तर आहे. याच्यासाठी एवढं?"

"वर आलाय बघा. सकाळी तळाशी पडून होता."

ती बघत राहिली. बराच वेळ — आणि फक्त माशाकडेच, असं काही नाही. त्याच्या ते लक्षात आलं. तो गडबडला, त्याचा हात कडीकडे गेला.

"लावून... घेऊ का?"

"कडीला हात लावून तर बघा," शलाका म्हणाली.