विंगेतला होकार

प्रॉम्प्टरचं खरं कसब कशात, असं कोणी विचारलं की काका म्हणायचे, "गप्प बसण्यात. शब्द काय, कुणीही देईल." डाव्या विंगेत, काळ्या पडद्याआड, एकाच स्टुलावर बसून त्यांनी चाळीस वर्षं नटांना शब्द दिले होते. नट थांबला की तो मुद्दाम थांबलाय का विसरलाय, हे एका श्वासात ओळखावं लागतं. म्हणून काकांच्या प्रतीत पेन्सिलीचे गोल असत. एक गोल म्हणजे एक आकडा मोजायचा. तीन गोल असले तर तीन मोजेपर्यंत तोंडातून हूं की चूं नाही. तेवढं मोजूनही नट बोलला नाही, तर हळूच शब्द द्यायचा.

त्या सोमवारी सकाळी दहाला मालकांनी सगळ्यांना तालमीच्या खोलीत बोलावलं आणि टेबलावर एक जुनी प्रत टाकली. शिवण उसवलेली, कडा पिवळ्या पडलेल्या. आत काकांचेच गोल.

"हे नाटक पुन्हा करायचं का, ते ठरवू," मालक म्हणाले. "महिनाभर तालीम करून बघू. मग प्रत्येकानं मत द्यायचं."

नाटक प्रेमाचं आणि गाण्यांचं. तेहेतीस वर्षांपूर्वी धो धो चाललेलं. एक देखणा तरुण एका मानी मुलीच्या मागे लागतो. ती नाही म्हणते, तो गातो. ती पुन्हा नाही म्हणते, तो पुन्हा गातो. तिसऱ्या अंकात तो तिला बागेतल्या काचघरात कोंडतो आणि बाहेर दाराशी बसून गातो. मग ती "हो" म्हणते आणि पडदा पडतो. तो देखणा तरुण म्हणजे आत्ताचे मालक. आता पोट सुटलंय, केस काळे केलेत, पण आरशासमोरून जाताना मान अजून तशीच तिरकी होते.

"गाणी सोन्यासारखी आहेत, त्यात वाद नाही," कपडेपटातल्या मावशी म्हणाल्या. "पण ती पोरगी नऊ वेळा नाही म्हणते हो. मी मोजलंय. नऊ वेळा नाही म्हणणारीला कोंडायचं आणि वर त्याला प्रेम म्हणायचं? आजच्या मुली चपला फेकतील."

"मावशी, लोक नकार मोजायला येत नाहीत. लोक त्या एका 'हो'साठी येतात," मालक म्हणाले. "काकांना विचारा, त्यांनी सगळे प्रयोग ऐकलेत."

काकांनी मान डोलावली. त्याला कारण होतं. नायिकेचं काम त्यांच्या मुलीला मिळणार होतं.

मुलीला सगळे टकळी म्हणत, कारण तिची टकळी कधी बंदच नसे. आई गेल्यापासून घराला जो काही आवाज होता, तो तिचाच. दात घासतानाही बोलायची. तेवीस वर्षांची झाली तरी आजवर तिच्या वाट्याला शेजारीण आणि नर्स यापलीकडे काही आलं नव्हतं. आता नायिका. आणि नायक कोण, तर मालकांचे चिरंजीव. त्यांना टकळीनं तालमीबाहेर दोनदा स्पष्ट नाही सांगितलं होतं. चिरंजीवांना ते लाजणं वाटलं होतं.

"पोस्टरवर तो जुना किस्सा टाकू," चिरंजीव म्हणाले. "बाबांनी शेवटच्या प्रयोगाला आईला स्टेजवर खरीखुरी मागणी घातली, तो. आणि पहिल्या प्रयोगाला मी तेच करतो." ते टकळीकडे बघून हसले. टकळी हसली नाही.

किस्सा सगळ्यांना ठाऊक होता. तिसऱ्या अंकाआधी मालक पडद्यापुढे आले होते आणि म्हणाले होते, की आज मी हे खरं विचारणार आहे. ती हो म्हणाली तर उद्या आमचं लग्न. ती हो म्हणाली आणि लग्न झालं.

काकांना मात्र आणखीही काही ठाऊक होतं, आणि ते त्यांनी स्वतःच्या बायकोलाही सांगितलं नव्हतं. त्या दिवशी ती नायिका विंगेत त्यांच्यापाशी आली होती. तिचे हात थंडगार होते. "शेवटचा शब्द मी म्हणणार नाही," ती म्हणाली. "तुम्ही तेवढे गप्प राहा." काका "बरं" म्हणाले.

प्रतीत तीन गोल होते. तीन झाले. चार, पाच, सहा. सभागृहात कुणीतरी खोकलं. वाद्यवाल्यांनी हात वर धरून ठेवलेले. सात, आठ. शब्द अडला की तो द्यायचा, हे काकांच्या हाडीमांसी भिनलेलं. शंभर प्रयोग ऐकून तिचा आवाज त्यांच्या गळ्यात बसला होता. एकदा ती तापानं फणफणलेली असताना अख्खा प्रवेश त्यांनी विंगेतून तिच्या आवाजात बोलून निभावला होता. नवव्या आकड्याला काका तिच्या आवाजात "हो" म्हणाले.

टाळ्या थांबेनात. तिनं फक्त मान वळवून विंगेकडे पाहिलं. ओठ मिटलेले होते. ते पुन्हा कधी उघडलेच नाहीत. लग्न झालं, मुलगा झाला, अकरा वर्षांनी ती वारली. डॉक्टर म्हणाले, घशात काही दोष नाही. मालक पाहुण्यांना मोठ्या कौतुकानं सांगायचे, "आमची बायको कधी उलटून बोलत नाही."

शेवटच्या प्रवेशाची पहिली तालीम गुरुवारी झाली. टकळी काचघरात उभी राहिली. काकांनी एक मोजला, दोन मोजला, आणि "हो" ऐकू आलं. स्वच्छ, गोड, किंचित अनुनासिक.

मालक उठून उभे राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते. "शाब्बास पोरी. हुबेहूब."

"आईचा आवाज असा होता?" चिरंजीवांनी विचारलं.

"अगदी असा."

"मी कधी ऐकलाच नाही," चिरंजीव म्हणाले.

घरी टकळीनं विचारलं, "बाबा, तुम्ही शब्द दिलात?"

"नाही गं."

"मग कोण बोललं? मी तर अजून श्वास घेत होते."

"कान वाजले असतील," काका म्हणाले आणि भांडी विसळायला उठले.

पुढच्या आठवड्यात "हो"च्या आधीचं वाक्य गेलं. मग त्याच्या आधीचं. टकळी तोंड उघडायची आणि त्याच्या केसभर आधी तो आवाज येऊन जायचा. तो डाव्या विंगेतून यायचा, स्टुलावर बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवरून. काकांनी एकदा गळ्यावर बोटं ठेवून पाहिली. तोंड मिटलेलं होतं, आणि गळा बोलणाऱ्या माणसासारखा थरथरत होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी तोंडात रुमाल कोंबला. आवाज जराही दबला नाही.

तिसऱ्या आठवड्यात अख्खा तिसरा अंक गेला. टकळी आता नुसती उभी राहायची. घरी फोन वाजून वाजून बंद व्हायचा. काही विचारलं तर मान हलवायची. काका तिला मुद्दाम चिडवायचे, खोड्या काढायचे, तिच्या आवडीच्या नटाला शिव्या घालायचे. ती बघत राहायची. त्या शांततेत काकांना स्वतःचं घड्याळ ऐकू यायला लागलं, आणि त्यांची पाचावर धारण बसली.

त्यांनी ठरवलं. मत द्यायच्या दिवशी सगळं ओकून टाकायचं. काम गेलं चुलीत, अब्रू गेली चुलीत. पोरीचा आवाज राहिला पाहिजे.

महिनाअखेरीस सगळे पुन्हा त्याच टेबलाभोवती बसले. पोस्टर छापून आलं होतं.

"माझं मत नको," मावशी म्हणाल्या. "त्या काळी टाळ्या वाजवल्या, कारण नीट ऐकलं नव्हतं. आता ऐकतोय."

"काका, आता तुम्ही सांगा," मालक म्हणाले. "तुम्ही नको म्हणालात तर आत्ता गुंडाळतो. शब्द देतो."

काकांनी टकळीकडे पाहिलं. ती मांडीवर हात ठेवून बसली होती. त्यांनी श्वास घेतला आणि "नको" म्हणायला तोंड उघडलं.

"हो."

स्वच्छ, गोड, किंचित अनुनासिक.

सगळ्यांनी टकळीकडे वळून पाहिलं. "बघा," मालक हसले, "पोरगी स्वतःच म्हणतेय."

काकांनी पुन्हा तोंड उघडलं.

"हो."

"आता तर दोनदा म्हणाली," चिरंजीव म्हणाले आणि त्यांनी टकळीचा हात धरला.

फक्त मावशी काकांच्या तोंडाकडे बघत होत्या. त्यांनी खुर्ची हळूच मागे सरकवली.

दुपारी दोघं घरी आली. टकळीनं पिशवीतून जुनी प्रत काढली, शेवटचं पान उघडलं आणि काकांच्या खिशातली पेन्सिल घेतली. समासात तिनं लिहिलं:

शेवटचा शब्द मी म्हणणार नाही. तुम्ही तेवढे गप्प राहा.

काकांचे हात थंड पडले. त्यांनी दातांवर दात घट्ट रोवले आणि मान डोलावली. एकदा, दोनदा, तीनदा.

टकळीनं पेन्सिल "हो"च्या आधीच्या तीन गोलांपाशी नेली. पुढे चौथा गोल काढला. पाचवा. सहावा.

काकांनी दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं.

सातवा. आठवा.

नववा गोल पुरा झाला आणि घरभर ते स्वच्छ, गोड "हो" ऐकू आलं.

टकळीनं मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. ओठ मिटलेले होते.