शेवटचा अर्धा पीळ

कागदाची गिरणी बंद पडली, तरी तिच्या तळघराला सुट्टी नव्हती. गावाला वीज पुरवणारी यंत्रं अजून तिथेच होती. वसंतात नदीवरचा बर्फ फुटला की पाणी चढतं आणि जुन्या पाइपांमधून उलटं आत घुसतं. तेव्हा बर्फ फुटायच्या आत सगळे पाइप बुजवायचे, हे काम रोझेरच्या गळ्यात पडलं. या गिरणीत त्याचे केस पांढरे झाले होते, आणि आता तिथे तो एकटाच उरला होता.

काम तसं साधं. दोन लोखंडी चकत्या, मधे जाड रबर, आरपार एक बोल्ट. असं हे बूच पाइपच्या तोंडात बसवायचं आणि नट पिळत जायचा. चकत्या जवळ येतात, मधलं रबर फुगतं आणि पाइपला असं चिकटतं की थेंबाची बिशाद नाही बाहेर यायची.

पण हे जोडीनं करायचं काम. रोझेर आणि फिलियासनं ते जन्मभर जोडीनंच केलं होतं, आणि त्यांची एक रीत होती. एकानं नट पिळत आणायचा आणि शेवटचा अर्धा पीळ दुसऱ्यासाठी सोडायचा. बूच निसटलंच, तर दोघांच्याही नावानं शिमगा व्हावा.

जानेवारीत फिलियास छातीत कळ येऊन गेला. जमीन दगडासारखी गोठलेली. त्याची शवपेटी चर्चमागच्या दगडी खोलीत ठेवली होती, माती मऊ झाली की पुरणार होते.

तेव्हापासून रोझेर प्रत्येक बुचाचा शेवटचा अर्धा पीळ तसाच सोडायचा. हात पुढे जायचाच नाही. उद्या देऊ, म्हणून घरी जायचा. आणि सकाळी येऊन पाना लावावा, तर नट जागचा हलत नसे.

आधी त्याला वाटलं, वय झालं, आपणच पिळलं आणि विसरलो. भुताखेतांवर त्याचा विश्वास नव्हता. पुढच्या बुचाला त्यानं नटापासून चकतीपर्यंत खडूची रेघ ओढली. सकाळी रेघ तुटलेली होती. नटावरचा तुकडा बरोबर उलट्या बाजूला गेला होता. दाराला कुलूप होतं आणि किल्ली रोझेरच्याच खिशात होती.

घाबरायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर त्याला बरं वाटलं. अख्ख्या हिवाळ्यात त्याच्याशी कुणी धड बोललं नव्हतं. आता सकाळी उठायला काहीतरी निमित्त होतं. तुटलेल्या रेघेशेजारी बसून तो कॉफी प्यायचा आणि म्हणायचा, "जास्त पिळलंस रे गाढवा. रबर फाटेल."

करता करता सगळे पाइप झाले. नदीत जाणारा मोठा तेवढा राहिला, माणूस रांगत आत जाईल एवढा. त्याचं बूच शेजारीच जमिनीवर पडून होतं. ते बसवलं की काम संपलं, आणि काम संपलं की फिलियासही संपला. रोझेर आज-उद्या करत राहिला.

रविवारी चर्चमधून निघताना फिलियासच्या बायकोनं, बर्नादेतनं, त्याला जेवायला ओढून नेलं. कोंबडीचा रस्सा होता आणि कुट्टूच्या पिठाची धिरडी.

"नदी कडाडतेय, ऐकतोस ना?" ती म्हणाली. "पलीकडे कॅनडापर्यंत ऐकू जात असेल. आणि तू तो पाइप अजून उघडा ठेवलायस."

"करतो गं."

"करतो, करतो. लग्नही असंच करणार होतास."

रोझेर धिरड्याची घडी घालत राहिला. मग त्यानं विचारलं, "तुला कधी वाटतं का, तो घरात आहे असं?"

"कसा असेल? मेला बरण्यांची झाकणं अशी पिळायचा की सुरी घालून उघडावी लागायची. किती शिव्या घातल्या असतील मी. आता सगळ्या बरण्या चटकन उघडतात." तिनं हातातलं फडकं डोळ्यांना लावलं. "त्याचंच रडू येतं बघ."

निघताना तिनं चार धिरडी बांधून दिली आणि मुरंब्याची एक बरणी. "सरळ धर. झाकण सैल आहे, माझ्या हातात जोर नाही राहिला."

बरणी त्यानं घरी नेऊन टेबलावर ठेवली.

सोमवारी सकाळी नदीचा आवाज तळघरापर्यंत पोचला होता. आता टाळून चालणार नव्हतं. पाना घेऊन रोझेर खाली उतरला.

बूच जमिनीवर नव्हतं.

ते पाइपच्या तोंडात बसलेलं होतं.

त्यानं बॅटरी मारली. नट दिसेना. समोर नुसती सपाट चकती आणि मधोमध बोल्टचं गुळगुळीत डोकं. नट पलीकडच्या अंगाला होता, पाइपच्या आत. आणि पाइपचं तिकडचं तोंड बर्फाखाली, लोखंडी जाळीमागं होतं.

खालच्या कडेनं पाणी ठिबकत होतं. ही ठिबक रोझेरच्या ओळखीची होती. अर्धा पीळ बाकी असला की एवढंच ठिबकतं.

या खेपेला नट फिलियासनं पिळत आणला होता. शेवटचा अर्धा पीळ जोडीदारासाठी सोडला होता, पलीकडच्या अंगाला.

रोझेर पाइपशी वाकला. त्यानं चकतीला तळवा टेकला. "इतका एकटा पडलायस होय रे," तो म्हणाला. मग म्हणाला, "पण मला नाही यायचं तिकडं."

कोठीतून त्यानं दुसरं बूच आणलं, पहिल्याच्या पुढ्यात बसवलं आणि पिळत गेला. शेवटचा अर्धा पीळही स्वतःच दिला, जन्मात पहिल्यांदा. सख्ख्या भावाच्या तोंडावर दार लावल्यासारखं वाटलं.

ठिबक थांबली.

घरी आला तेव्हा घर गार होतं. त्यानं चूल पेटवली, धिरडी गरम केली आणि टेबलाशी बसला. बरणी कालच्याच जागी होती. त्यानं झाकणाला हात घातला.

झाकण हललं नाही.

त्यानं दातओठ खाऊन जोर लावला. तरीही नाही. झाकणावरून नदीचं गार पाणी त्याच्या मनगटावर ओघळलं.