पराटीवरचे केस

भर दुपारी, कोणी नसलेल्या वावरात, एक अनोळखी तरुण पराटीला अडकलेले केस वेचत होता.

धम्मशीला बांधावरच थबकली. कापूस कधीचाच वेचून झाला होता. पराटीच्या सुकलेल्या काटक्यांना आता गावातून उडत आलेले केस लटकत होते — काळे, पांढरे, मेंदीचे तांबूस... वारा आला की सगळे एकदमच हलत, जणू वावरभर कोणी डोकी खाली घालून बसलं आहे. तो तरुण चिमट्यानं एकेक झुपका सोडवत होता. हळूच, कोणाची झोप मोडू नये तसा.

"काय वेचून राह्यले?"

तो दचकला. चिमटा खाली पडला. "केस."

"कोणाचे?"

"ते... माहीत नाही."

"दुसऱ्याचे केस कायले लागते तुमाले? करणीबिरणी करता काय?"

त्यानं गळ्यातलं ओळखपत्र पुढे धरलं. प्रेमानंद, संशोधन पथक. "डोणगावचा आहे मी. करणी आमच्या अभ्यासक्रमात नव्हती."

तिला हसू आलं... आणि आल्याचंच नवल वाटलं. गावात बरेच दिवस कोणी हसलं नव्हतं.

"नाव तं लय सोपं ठेवलं घरच्यांनी," ती म्हणाली.

"तुमचं काय आहे?"

"अवघड हाये."

आणि स्कार्फची गाठ घट्ट करत ती निघाली. त्यात विशेष काही नव्हतं. वरवट बकालच्या पलीकडच्या त्या गावात आता सगळ्याच बायका डोकं बांधून वावरत.

दिवाळीनंतर ते सुरू झालं होतं. आधी खाज, मग कंगव्यात गुंतवळ, मग नुसता हात फिरवला तरी मूठभर केस हातात. दुखायचं नाही. तेच भयंकर होतं — दुखायचं नाही. बांगडीवालीनं पिना अन् रबरं आणणं सोडलं. न्हावी दुकान बंद करून दुसऱ्या गावी गेला. आणि या गावच्या मुली कोणी करीनासं झालं. धम्मशीलेच्या थोरल्या बहिणीचं, समताचं, तर ठरलेलं लग्न मोडलं. मुलाकडच्यांनी फोनवर एवढंच म्हटलं, "सध्या राहू द्या."

पथकानं बुद्धविहाराच्या सभागृहात टेबलं मांडली. प्रेमानंद घरोघर फिरून नमुने घेऊ लागला — रक्त, नखं, केसांची मुळं, हापशाचं पाणी, कोठीतलं धान्य. धम्मशीलेच्या घरी आला तेव्हा तिच्या आईनं, आशाबाईनं, निमूट हात पुढे केला. समतानंही.

"आता तुम्ही. अवघड नाववाल्या."

"माह्या नाही घ्यायचा."

"बरं." त्यानं पेटी मिटली. "संमतीशिवाय आम्ही काही घेत नाही."

"काहीच?"

"काहीच," तो म्हणाला. कान मात्र लाल झाले होते.

त्यानंतर तो हापशावर वारंवार दिसू लागला.

"पाणी तं काल नेलं होतं ना?"

"ते... सांडलं."

"रोज सांडते?"

"इथलंच सांडतं. बाकीच्या गावांचं नीट पोचतं."

ती हापसत राही, तो बाटली धरत राही. बाटली भरून वाहायला लागली तरी दोघांच्या लक्षात येत नसे. एके दिवशी मात्र त्यानं बाटली पुढे केलीच नाही. फार विचारल्यावर म्हणाला, "सगळ्यांचे नमुने सारखेच येतायत. नुसत्या आजाऱ्यांकडे पाहून काही कळत नाही. एक तुलनेचा नमुना पाहिजे... त्याच घरातला, तेच पाणी पिणारा, तेच खाणारा, आणि केस शाबूत असलेला. मग फरक शोधता येतो. नाहीतर आम्ही आलो तसे जाऊ."

"असं कोणी नाही गावात."

"असेल," तो वाहत्या पाण्याकडे पाहत म्हणाला. "लपलं असेल."

हापशाच्या दांड्यावरचा तिचा हात थांबला.

कारण स्कार्फखाली तिची वेणी होती. शाबूत. नुसती शाबूत नाही, वाढत होती. गावाचे केस जात गेले तशी ती दाट होत गेली. सकाळी जिथवर यायची, त्याच्याही खाली संध्याकाळी टेकल्यासारखी वाटायची. भासच असेल... पण विचारणार कोणाला? घरातही आता कोणी कोणापुढे डोकं उघडत नव्हतं. आणि दिवेलागणीला शेजारची म्हातारी अंबूबाई ओट्यावर बसून, कोणालाच उद्देशून नाही अशी, पुटपुटत असे — "केस असे हवेत नाही जात, बाई. कोणाच्या तरी डोक्यावर जाऊन राह्यले. दिसंल तवा दिसंल."

पथकाचा शेवटचा दिवस आला. सभागृहात बायकांची गर्दी होती. प्रेमानंद पाकिटं बांधत होता; थकलेला, वय वाढल्यासारखा. धम्मशीला सरळ त्याच्या टेबलासमोर येऊन उभी राहिली.

"तुलनेचा नमुना अजून पायजे?"

त्यानं वर पाहिलं. क्षणभर... आणि त्याला समजलं. आवाज खाली घेऊन तो म्हणाला, "मागच्या खोलीत चला. इथं नको."

"आजवर लपूनच तं होती."

तिनं गाठ सोडली.

वेणी पाठीवरून घसरत कमरेखाली आली. कुजबुज थांबली. बांधलेली सगळी डोकी एकाच वेळी तिच्याकडे वळली. अंबूबाई उठली, संथ चालत आली, वेणीचं टोक हातात घेऊन तिनं ते आपल्या गालावर फिरवलं.

"हे माह्ये हाये," ती म्हणाली. फार मायेनं म्हणाली. "माह्ये असेच होते."

"माह्येबी," मागून कोणीतरी म्हटलं.

हात पुढे आले. एक, मग आणखी. कोणी ओढत नव्हतं. नुसते लागत होते, गार आणि हलके. प्रेमानंद टेबल ओलांडून तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. तेवढ्यात गर्दीतून समता पुढे आली. धम्मशीलेला तिच्याकडे पाहवेना.

समतानं त्या सगळ्या हातांमधून वेणी सोडवून घेतली. तळव्यावर तोलली.

"माह्यापासून लपवलं?"

"तुले वाईट वाटलं असतं."

"ते तं वाटूनच राह्यलं." मग तिनं बहिणीला खुर्चीत बसवलं आणि बोटांनी भांग पाडायला घेतला. "अन् अंबूमाय, करणी येत असती हिले, तं बारावीत गणितात नापास झाली नसती. घ्या साहेब. कुठून पायजे?"

कोणीतरी फिसकन हसलं. हात मागे झाले.

प्रेमानंदनं मुळासकट काही केस उपटले. त्याच्या कपाळावर घाम होता.

"दुखलं?"

"मले नाही. तुमालेच दुखल्यावानी दिसते."

"आता तुमच्यात काय वेगळं आहे, ते पाहायचं."

"काय वेगळं हाये?"

"ते... प्रयोगशाळा सांगेल."

"मी तुमाले विचारून राह्यली."

त्यानं पाकीट चिकटवलं, पुन्हा पुन्हा दाबून पाहिलं. संध्याकाळी पथकाची गाडी निघून गेली.

अहवाल यायचा होता. प्रेमानंदचे फोन मात्र यायचे — कधी पाण्याची चौकशी, कधी समताची, मग नुसतेच. आणि पळस फुलायच्या सुमारास एका सकाळी धम्मशीला उठून बसली, अन् वेणी उठली नाही. उशीवर तशीच पडून होती. अख्खी. दुखलं नव्हतं.

तिनं त्याला फोन लावला.

"माह्ये गेले."

"येतो."

"नमुना घ्यायले?"

फोन कटला. त्यानं ठेवला, की रेंज गेली, कळलं नाही.

ती वाट पाहत बसली. एकाच डोक्याचा आधीचा नमुना आणि नंतरचा — असं काही कुठल्या संशोधकाला रोज मिळत नाही, एवढं तिला आता समजत होतं. तो चिमटा घेऊन आला तर ती नाही म्हणणार नव्हती. फक्त, त्यानंतर वाट पाहण्यासारखं काही उरणार नव्हतं.

दुपार कलताना तो फाट्यावर उतरला. सोबत एक वयस्क बाई होती. गल्लीत दारोदार बायका उभ्या होत्या. सभागृहातल्या त्या दिवसानंतर त्यांनी डोकी बांधणं सोडलं होतं. दोन्ही बाजूंना उघडी डोकी, उन्हात चमकणारी, स्तब्ध. कुठं कुठं नवी लव. ती बाई क्षणभर थांबली. मग तिनं डोक्यावरचा पदर उतरवून खांद्यावर घेतला आणि त्यांच्यामधून चालत आली.

धम्मशीला दारात होती. स्कार्फ बांधून.

"नमुना घ्यायले दोघं दोघं?"

"ही माझी आई," प्रेमानंद म्हणाला. हात रिकामे होते. कुठं ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं. "तिला म्हटलं होतं... मुलगी पाहायला जायचंय."

"कधी म्हटलं होतं?"

"तुम्ही वावरात भेटल्या, त्याच दिवशी."

"तवा मले केस होते."

"हाव," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच घरच्यासारखा बोलला, "पण तवा मले कुठं दिसले व्हते?"

ती त्याच्याकडे पाहत राहिली. मग हात मानेमागे नेऊन तिनं गाठ सोडली.

"पाहा मग."