बत्तीस गणितांच्या पुढे

तिसरीच्या वर्गात एक मोठा माणूस बसला होता.

शनिवारची सकाळची शाळा सुटून तास होऊन गेला होता. शालन अर्ध्या वाटेवरून परत आली ती विसरलेल्या डब्यासाठी. बघते तर वर्गाचं दार उघडं, आणि तिच्या मुलांच्या बसकरावर मांडी घालून, खडूंचं रिकामं खोकं पुढ्यात ओढून, पांढऱ्या सदऱ्यातला एक तरुण काहीतरी लिहीत होता. टेबल मोकळं होतं, खुर्चीही मोकळी होती. तिनं घसा खाकरला. त्यानं मान वर न करता नुसता डावा हात उचलला.

"दहा मिनिटं, बाई... फक्त दहा."

त्या वर्गात तिला हाताच्या खुणेनं थांबवायची आजवर कुणाची छाती झाली नव्हती. रागवावं की हसावं हे तिला ठरवता येईना, आणि ठरेपर्यंत ती उंबऱ्यातच उभी राहिली. कानामागं पेन्सिल, कपाळावर घामाचे थेंब, आणि ओठ मात्र सारखे हलताहेत – मुलं पाढे म्हणताना हलतात तसे.

बाहेर ओट्यावर बसलेल्या गेनबा शिपायाला गंमत वाटत होती. "नानासायबांनी परवानगी दिलीया," तो म्हणाला. "खुर्चीवर बसा म्हनलं, तर म्हनतोय ती बाईंची हाय. तिसरीत किती येळा नापास झालाय, इचारा की जरा."

दहा मिनिटांनी त्यानं पेन्सिल ठेवली आणि तो लगबगीनं उठून उभा राहिला, तेव्हा तो चांगला उंच होता आणि तिच्या घागऱ्यापरकरांतल्या मुलींसारखाच लाजलेला होता.

नाव ज्योतीराम चौगुले, मूळ गारगोटीकडचा, बी.एस्सी. पिंपरीच्या औषधाच्या कारखान्यात तपासणीवर होता. चिंचवडात एका खोलीत पाच जण राहायचे, पाची जणांच्या पाळ्या वेगळ्या. कुणीतरी कायम झोपलेलं. खिडकी उघडली की शिवी, मोठ्यानं वाचलं की शिवी. म्हणून मुख्याध्यापक नानासाहेबांच्या हातापाया पडून त्यानं शनिवारची दुपार मागून घेतली होती. जानेवारीत बंगळूरच्या एका संस्थेची प्रवेशपरीक्षा होती. पास झालं की दोन वर्षं पुढचं शिक्षण, तेही शिष्यवृत्तीवर. दोन तासांत पन्नास गणितं, प्रत्येकी दोन गुण. सत्तरच्या खाली कुणाला बोलावत नाहीत, असं त्याला कळलं होतं.

"आणि तुम्हाला किती पडतात?" तिनं विचारलं.

"बासष्ट. कधी चौसष्ट." तो खिन्न हसला. "उन्हाळ्यात चाळीस होते. भराभर चढलो, आणि पावसाळ्यापासनं आकडा ठाण मांडून बसलाय. पुस्तकं बदलली, पहाटे उठून बघितलं, मोठ्या गुणाकारांच्या युक्त्या पाठ केल्या. घोडं नेमकं कुठं पेंड खातंय, तेच कळत नाही."

मग जरा चाचरत त्यानं विचारलं, बाईंना वेळ असला तर... पेपर तपासून द्याल का? स्वतःचं स्वतः तपासलं की मन चोरी करतं. उत्तरं मागं छापलेली आहेत, गणित यायलाच हवं असं काही नाही.

"मला गणित येतं," शालन म्हणाली.

---

अशी सुरुवात झाली. पुढच्या शनिवारपासून ती शाळा सुटल्यावर थांबू लागली. दार सताड उघडं, ओट्यावर गेनबा, आत टेबलाशी ती मुलांच्या वह्या तपासत बसलेली आणि खाली बसकरावर तो. खुर्ची द्यायला तिनं दोनदा बघितलं. तो म्हणायचा, खाली बसलं की गणित पायाखाली येतं.

दसऱ्याच्या पुढंमागं ऊन कडक पडे आणि कौलांतून त्याच्या सदऱ्यावर सोन्याचे ठिपके उतरत. त्याच्या अंगाला कारखान्याचा आंबूस वास यायचा, भिजत घातलेल्या डाळीसारखा. पहिल्या दिवशी तिनं नाक मुरडलं होतं. चौथ्या शनिवारी त्याला यायला उशीर झाला, तेव्हा वारा कारखान्याकडून सुटला की तिला उगीच दाराकडे बघावंसं वाटू लागलं... आणि स्वतःचाच राग आला.

पेपर तपासून ती लाल शाईनं खाली शेरा द्यायची. बासष्टवर तिनं लिहिलं, 'अक्षर बरे. प्रगती हवी.' त्यानं तो कागद उन्हात धरून वाचला.

"पालकांची सही आणायची का?"

"आणा. आणि नखं कापून या."

तो खरोखरच पुढच्या खेपेला नखं कापून आला. दोन्ही हात पुढं करून गंभीरपणे उभा राहिला. तिनं तितक्याच गंभीरपणे दहाही बोटं बघितली – हात न लावता. बाहेर गेनबाला खोकल्याची उबळ आली, आणि ती बराच वेळ थांबली नाही.

सहा आठवडे गेले. बासष्ट, चौसष्ट, बासष्ट, बासष्ट, चौसष्ट, बासष्ट.

सातव्या शनिवारी तिच्या वह्या लवकर संपल्या आणि ती नुसती त्याच्याकडे बघत राहिली. बघताना तिला दिसलं, की त्याची पेन्सिल गणिताच्या पायथ्याशी पोचते, उत्तराशेजारी एक टिंब देते, आणि मग तीच पेन्सिल पुन्हा वर चढून सगळं गणित पहिल्यापासून उतरते. मग दुसरं टिंब.

ही टिंबं कसली, असं तिनं जाताना सहज विचारलं. त्यानंही सहजच सांगितलं. कारखान्यात औषधाची प्रत्येक कुपी उजेडात धरून बघायची, आत कण नाही ना. बघितली की एक टिंब. पुन्हा बघायची, दुसरं टिंब. दोन टिंबांशिवाय ट्रे पुढं सरकत नाही. चार वर्षं तेच करतोय, हाताला सवय लागली.

घरी आल्यावर तिनं सातही पेपर चटईवर मांडले. सव्वादोनशे गणितं, प्रत्येकाशेजारी दोन टिंबं. दुसऱ्या फेरीत त्यानं उत्तर बदललं होतं ते फक्त तीनदा. आणि प्रत्येक पेपरात बत्तिसाव्या गणितापाशी वेळ संपलेला. पुढची अठरा कोरी. तो समजत होता, आपण सावकाश आहोत. सावकाश नव्हताच तो. युक्त्या शिकून जेवढा वेळ वाचवी तेवढा परत दुसऱ्या टिंबात घालवी.

तिला इतका आनंद झाला, की तसंच उठून त्याच्या खोलीवर जाऊन सांगावं. ती उठलीसुद्धा. आणि उठता उठता तिच्या मनात आलं – मग हा जाईल.

ती परत खाली बसली. पेपर एकावर एक ठेवले. सांगू की शनिवारी, घाई काय आहे.

शनिवारी तिनं सांगितलं नाही. तो तिच्या घरी चाकणला कोणकोण असतं ते विचारत होता, आणि ती वडिलांच्या – आप्पांच्या – कांद्यांचं, आईच्या रागाचं काहीबाही सांगत राहिली. त्याच्या पुढच्या शनिवारी तो बासष्टचा पेपर हातात घेऊन भिंतीला टेकून बसला, डोळे मिटून. तिच्या जिभेवर शब्द आले होते. तिनं लाल शाईच्या दौतीचं झाकण घट्ट लावलं.

---

दहाव्या शनिवारी तो रिकाम्या हातानं आला. बसकरावर न बसता खिडकीशी उभा राहिला.

फॉर्म पाठवायची आज शेवटची तारीख होती. फॉर्म कोराच खिशात होता, पण तो पाठवणार नव्हता. नाव घालवण्यापेक्षा परीक्षा न दिलेली बरी, असं तो म्हणाला. कारखान्यात ओव्हरटाइम मिळतोय, वर्षा-दोन वर्षांत बढतीही मिळेल. सगळ्यांनीच काय बंगळूरला जायला हवं. मग तिच्याकडे न बघता म्हणाला, "तसं इथं वाईट काय आहे? मला तरी... आता इथंच बरं वाटतं."

तीन आठवडे जे तिनं देवाकडेसुद्धा उघड मागितलं नव्हतं, ते अलगद तिच्या ओंजळीत पडलं होतं. फक्त गप्प बसायचं होतं. मुठी मिटायच्या होत्या, की झालं. शालननं त्याच्या खांद्यांकडे बघितलं. ते खाली आले होते. अजून तिशी न गाठलेल्या माणसाचे ते खांदे, आणि ते तिनं खाली आणले होते.

"चौगुले," ती म्हणाली, "घोडं कुठं पेंड खातं ते मला माहीत आहे."

तिनं पेपर काढले. टिंबं दाखवली. सव्वादोनशेत तीन, हे सांगितलं. तो कागदांवर वाकला, एक उलटला, दुसरा उलटला. त्याचा चेहरा आधी कोरा झाला आणि मग हळूहळू उजळत गेला. तेवढ्यावर थांबली असती तरी चाललं असतं. पण तिला राहवेना.

"हे मला आज नाही कळलं. मी दोन शनिवार गप्प राहिले."

तो सरळ झाला. "दोन?"

"दोन."

तो बाहेर गेला. गेनबाच्या माठातलं पाणी प्यायला, दुसरा तांब्या ओतून घेतला, तोही प्यायला. ती टेबलाची कड धरून उभी होती. गेला तर गेला, ती स्वतःला सांगत होती. पण तो परत आला आणि उंबऱ्यातच थांबला.

"का नाही सांगितलंत, बाई?"

"सांगितलं असतं तर..." तिचा आवाज अगदी खाली गेला. "तुम्ही गेला असता."

कौलांवर एक कबुतर घुमत होतं. त्याच्या चेहऱ्यावर राग आला होता, तो तिनं स्पष्ट बघितला. मग तो राग कुठं बसावं हे न कळल्यासारखा घुटमळला आणि विरला.

"पेपर घेता का एक?" तो म्हणाला. "आत्ता. बघू तरी."

उत्तरं बघायला ठेवून घेतलेलं त्याचं पुस्तक तिनं खणातून काढलं. तो खाली बसला, आणि या वेळी तीही समोर बसकरावर बसली. पहिलं गणित संपलं, टिंब पडलं, पेन्सिल वर चढू लागली... आणि शालननं त्या गणितावर आपला तळवा ठेवला.

"पुढं."

त्यानं वर बघितलं. खडूनं पांढरा झालेला तो हात त्याच्या बोटांपासून वीतभरही लांब नव्हता. त्यानं दुसरं गणित घेतलं. ते संपलं की तिचा हात खाली सरकायचा. अकराव्यापर्यंत तो अस्वस्थ होता, चूल तशीच ठेवून घराबाहेर पडलेल्या बाईसारखा. विसाव्यानंतर ओठ हलायचे थांबले. बत्तिसावं गेलं. तेहतिसावं गेलं. तिच्या हाताचा गरमपणा कागदात उतरला होता.

दोन तासांत चव्वेचाळीस झाली. पाच चुकली. अठ्ठ्याहत्तर.

"पाच चुकली," तो पुटपुटला.

"चुकू देत."

तो त्या आकड्याकडे बघत राहिला. मग कागद बाजूला ठेवून म्हणाला, की आणखी एक गोष्ट तो दसऱ्यापासून रोज उजेडात धरून बघतोय, कुठं कण दिसत नाही, तरी पुढं सरकवायचा धीर होत नाही. "आता हात ठेवा," तो म्हणाला, "म्हणजे मी बोलून टाकतो. शालन, मला तुमच्याशी लग्न करायचं आहे. गेलो तरी, नाही गेलो तरी."

नाव घेतल्याचं दोघांच्याही एकदमच लक्षात आलं. तिचे कान तापले. ती पदर सावरत उठली आणि म्हणाली, टपाल साडेचारला निघतं, आधी फॉर्म भरा.

चिंचवडच्या पेठेतून ती दोघं शेजारी शेजारी चालत गेली. भुसारी दुकानांतून माना वळल्या, तरी तिनं पावलं मागं घेतली नाहीत. पोस्टाच्या दारात त्यानं पाकीट तिच्या हाती दिलं. आपल्याच हातानं याला दोन वर्षं लांब पाठवायचं... तिनं डोळे मिटले नाहीत. पाकीट पेटीत पडलं, त्याचा आवाज आला.

"आता?" त्यानं विचारलं.

"उद्या रविवार. नाशिक फाट्यावरनं सकाळी चाकणची एस.टी. मिळते. आप्पा दुपारपर्यंत घरी असतात."

"त्यांना काय सांगू?"

"खरं ते सांगा. मुलीला दोन वर्षं थांबावं लागेल, म्हणावं."

"आणि ते नाही म्हणाले तर?"

"त्यांचं 'नाही' मी बघते," शालन म्हणाली. "तुम्ही तुमचं नीट मोठ्यानं सांगा. आप्पांना कमी ऐकू येतं."