तीस डॉलरचा माणूस

फिलिपिन्समधल्या इलोइलोत दुपारी वीज गेली की लॅपटॉपवाले सगळे बाजारातल्या बॅचॉयच्या, म्हणजे नूडल्स-सूपच्या, दुकानाकडे धावतात. तिथे जनरेटर आहे. जुवी धापा टाकत पोचली, तर एकुलत्या एका सॉकेटपाशी एक उंच तरुण ठाण मांडून बसला होता.

"सॉकेट जरा वेळ मिळेल का?"

"घे की, इंदाय. माझी बॅटरी चालेल अजून," तो हसला... जरा जास्तच वेळ. जुवीला ते हसणं आणि मुलींना म्हणतात ते गावाकडचं लाडाचं 'इंदाय', दोन्ही आवडलं.

मग तिनं त्याच्या लॅपटॉपचा पडदा पाहिला. ती स्वतः जिचं काम करायची तीच ऑस्ट्रेलियातल्या पर्थची फर्निचर कंपनी, कर्मचाऱ्यांचे अर्ज तपासायचं तेच काम! त्याचं नाव रेनान; तो सात वर्षं पर्थला होता. वडील आजारी पडले म्हणून इथून काम करायची तीन महिन्यांची परवानगी काढून गावी आला होता. त्याला तासाला तीस डॉलर मिळत, जुवीला सहा.

तिला रागापेक्षा नवलच वाटलं. त्यानंतर वीज असली तरी ती रोज दुकानात येऊ लागली.

"तुला तीस, मला सहा, का पण?" तिनं एकदा विचारलंच.

"तिकडे घरभाडं फार."

"मग स्वतःचं घर असलेल्याला कमी देतात?"

"...नाही."

"मग?"

रेनाननं चमचा खाली ठेवला. "तू सोडलंस, तर सहा डॉलरला इथे शंभर जणी रांग लावतील. तिकडे तीसच्या खाली कुणी फिरकत नाही."

"म्हणजे पगार कामाचा नाही, रांगेचा! पण तू तर इथेच बसून नूडल्स ओरपतोयस."

"माझा पत्ता अजून तिकडचा आहे ना. पुढच्या महिन्यात परत गेलो नाही, तर मलाही सहाच."

जुवीला सूप एकदम बेचव लागलं. 'इथेच थांब' असं त्याला म्हणायचं तरी कोणत्या तोंडानं?

महिना संपत आला. एका सकाळी दुकानातच तिच्यापुढे तपासायला पत्ता बदलायचा एक अर्ज आला. कायमचा नवा पत्ता: इलोइलो. नाव: रेनान.

तिनं वर पाहिलं. तो समोरच सुपात कलामान्सी लिंबू पिळत होता, कान मात्र लाल झालेले.

"वेड लागलंय का तुला? तिसाचे सहा होतील!"

"दोघं मिळून पगार वाढवून मागू. एकाच रांगेत आहोत आता."

"आणि कारणाचा रकाना कोरा का? असा अर्ज परत पाठवावा लागतो." तिनं बोटं कीबोर्डवर ठेवली. "वडिलांचं आजारपण लिहू?"

"ते तर महिन्यापूर्वीच ठणठणीत बरे झाले, जुवी."

तिनं रकान्यात आधी स्वतःचं नाव लिहिलं... लाजून खोडलं. मग 'कौटुंबिक' असं लिहून अर्ज मंजूर केला, आणि पडदा त्याच्याकडे वळवला.