आधी त्याचा नंबर

पटलं तर घ्या, नाही तर सोडून द्या. पण यातला शब्दन् शब्द घडलेला आहे. आमच्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत.

आणि रात्रीची वाट बघू नका. हे घडलं ते भर दुपारी.

मावशीने उभा जन्म लोकांना गाडी शिकवली. शेजारच्या सीटवरून "ब्रेक, ब्रेक" असं ओरडून ओरडून तिचं नावच ब्रेकमावशी पडलं. अशा बाईच्या गालात आतून गाठ निघाली.

डॉक्टरीणबाईंनी नवीन उपचार सुचवला.

"या औषधात बारीक कण असतात. ते रोगट पेशींत जाऊन साचतात. खास कॅमेऱ्याखाली चमकतात, म्हणजे गाठ कुठून कुठपर्यंत आहे ते दिसतं. मग तिथे लाल प्रकाश सोडला की तेच कण त्या पेशी मारून टाकतात."

"म्हणजे खबरेही तेच आणि फौजदारही तेच," मावशी म्हणाली.

अट एकच होती. औषध अंगात भिनेपर्यंत उजेड वर्ज्य. ऊन पडलं तर कातडी भाजणार. म्हणून रुग्णालयाच्या मागच्या इमारतीत तिला कडेची खोली दिली. खिडकीला जाड काळा पडदा. कोपऱ्यात मिणमिणता दिवा. सोबतीला सून.

पहिल्या दुपारी सून न्हाणीघरात होती. मावशीचा डोळा लागला होता.

सर्रर्र...

पडद्याच्या कड्या सरकल्या.

जमिनीवर उन्हाची एक पट्टी पडली.

सून धावत आली. पडदा ओढून घेतला. "आई, कशाला उघडलात?"

"मला काय भाजून घ्यायची हौस आलीय?"

दोघींनी पडद्याकडे बघितलं.

सुनेने पडद्याला कपड्यांचे चिमटे लावले. वरपासून खालपर्यंत.

दुसऱ्या दुपारी सगळे चिमटे जमिनीवर होते. एकही पडल्याचा आवाज झाला नव्हता... आणि ऊन थेट मावशीच्या मनगटावर. टरारून फोड आला.

मलम लावायला आलेली परिचारिका फोडाकडे बघायच्या आधी खिडकीकडे बघून थबकली. सून हात धुऊन मागे लागली, तेव्हा ती बोलली.

"इथे आधी एक शिंपी होते. त्यांनाही हेच औषध दिलं होतं. लाल दिव्याची पाळी यायच्या आदल्या दिवशी गेले. शेवटपर्यंत एकच म्हणत होते... थोडा उजेड येऊ द्या."

सुनेने पिशवी भरायला घेतली. "आई, खोली बदलून मागू."

"आणि उद्या इथे दुसरं कोणी येईल, त्याला काय सांगशील? पिशवी ठेव खाली. मी हलणार नाही."

तिसऱ्या दुपारी मावशीने खुर्ची खिडकीशी ओढली. पडद्याला पाठ लावून, त्याच्या दोन्ही कडा मुठीत धरून बसली.

बराच वेळ काहीच नाही.

मग... पडदा ताणला गेला.

काच आणि पडदा यांच्यामध्ये वीतभरही जागा नव्हती. तिथून कोणीतरी ओढत होतं.

कापडातून मानेवर श्वास लागला. गार.

"थोडा उजेड..."

सून दारातच थिजली. मावशीच्या मुठी पांढऱ्या पडल्या, पण सुटल्या नाहीत.

"ऐक," ती म्हणाली. गाडी शिकायला आलेल्या घाबरट माणसाशी बोलायची, अगदी तशीच. "उजेड तुला हवाय, मलाही हवाय. पण हा नाही. हा नुसता भाजतो. आपल्या कामाचा उजेड खाली आहे. उद्या सकाळी मला तिथे नेणार आहेत. यायचं तर निमूट मागून ये. पण या पडद्याला पुन्हा हात लावलास, तर गाठ माझ्याशी आहे."

पडदा सैल पडला.

सकाळी तिला उपचाराच्या खोलीत नेलं. तोंड उघडं राहावं म्हणून दातांमध्ये ठोकळा बसवला. दिवे मालवले. स्क्रीनवर तिचा गाल दिसू लागला, आणि त्यात एक हिरवट ठिपका.

"मॅडम," तंत्रज्ञ हळूच म्हणाला, "अजून एक आहे."

मावशीच्या खांद्यामागे. उभ्या माणसाच्या गळ्याच्या उंचीवर. रिकाम्या हवेत.

काच पुसली. कॅमेरा बदलला. ठिपका तिथेच... किंचित वरखाली होत होता. आवंढा गिळावा तसा.

"कुठून तरी चकाकी येत असेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आपण सुरू करू."

मावशीने ठोकळा काढून हातात घेतला. "आधी त्याचं करा."

"कोणाचं?"

"शिंप्याचं. त्याचा नंबर माझ्या आधी होता."

"मावशी, तिथे कोणी नाही."

"मग तिथे दिवा लावल्याने कोणाचं काय जातंय? त्याचं झाल्याशिवाय मी तोंड उघडणार नाही."

हट्टाला औषध नसतं. डॉक्टरीणबाईंनी लाल दिव्याचा दांडा वळवला आणि रिकाम्या जागेवर रोखला.

मागे पांढरी भिंत होती. तिच्यावर लाल गोल उमटायला हवा होता.

उमटला नाही...

उजेड दिव्यातून निघत होता, आणि भिंतीपर्यंत पोचत नव्हता.

स्क्रीनवरचा ठिपका मंदावत मंदावत विझला. आणि मग भिंतीवर, सावकाश, लाल गोल उमटला.

"आता माझं," मावशी म्हणाली आणि तिने आ केला.

गाठ गेली. मावशी ठणठणीत आहे. मनगटावर डाग तेवढा राहिला. डॉक्टरीणबाईंनी तो विषय पुन्हा काढला नाही.

पण मागच्या महिन्यात तपासणी होती. थोडंसं औषध देऊन तिला पुन्हा त्याच खोलीत बसवलं. दिवे मालवले. गाल स्वच्छ. कुठे काही नाही.

तंत्रज्ञ मात्र स्क्रीनवरून नजर काढेना.

मावशीच्या मागे ठिपके होते. एकामागे एक. कोणाच्या छातीच्या उंचीवर, कोणाच्या डोक्याच्या. एक तर फारच खाली... लहान मुलाएवढ्या उंचीवर.

रांग दारापर्यंत होती.

डॉक्टरीणबाई दिवे लावायला उठल्या. मावशीने त्यांचा हात धरला.

"बसा. त्या लहानग्यापासून सुरू करा."

दिवसभर ती तिघंही तिथेच होती. किती जणांचं झालं, ते मावशी सांगत नाही. संपले नाहीत, एवढंच म्हणते.

उद्या ती पुन्हा जाणार आहे. सून तयार नाही, म्हणून सोबतीला मला बोलावलंय.

मी अजून हो म्हटलेलं नाही.