नजर हटवायची नाही

रविवारी दुपारी सर तळ्यावर निघाले तेव्हा सूनबाईने त्यांच्या पिशवीत टॉवेल, कोरडे मोजे आणि चहाचा थर्मास भरला. "सांभाळून जा हं बाबा," ती म्हणाली, जणू ते कोपऱ्यावर पेपर आणायला निघाले होते.

सर म्हणजे तर्कशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. वय एकाहत्तर. जन्मभर मुलांना शंका घ्यायला शिकवता शिकवता स्वतःवरच शंका घ्यायची खोड त्यांना जडली, ती कायमची. कुलूप लागलं का हे बघायला जिन्यातून तीनदा मागे फिरणारा माणूस. तो या वयात शिडाच्या होडीत कसा जाऊन बसला, हे त्यांनाही धड सांगता आलं नसतं. क्लब तरी कसला, पत्र्याची एक शेड, सात होड्या आणि मनात आलं तर येणारी वीसेक माणसं. शिकवणी वगैरे काही नाही. ज्या होडीत माणूस कमी पडेल तिच्यात बसायचं, सांगतील ती दोरी ओढायची आणि बोलणी खात शिकायचं.

सरांना दातांच्या डॉक्टरीणबाईंनी आपल्या होडीत घेतलं होतं. सुकाणू त्यांच्या हातात, पुढच्या शिडाची दोरी सरांच्या हातात.

"सर, तोंड मिटा," बाई म्हणाल्या. "उघडं तोंड दिसलं की मी दाढा मोजायला लागते."

त्या दिवशी वारा बेताचा होता. बाकीच्या होड्या किनाऱ्याला लागल्या होत्या आणि पलीकडच्या काठावर धुकं जमत होतं.

"आज जावईबापूंना पाण्यात सोडू," बाई म्हणाल्या.

जावईबापू म्हणजे जुन्या डांगरीत रिकामे डबे कोंबून केलेला बाहुला. पाण्यात पडलेल्या माणसाला कसं उचलायचं याचा सराव त्याच्यावर चाले. स्वतः काडीचं काम करत नाही, सगळ्यांनी मिळून मानाने वर घ्यावं लागतं, म्हणून ते नाव.

"नीट ऐका. माणूस पडला की मी वारा, शीड, सुकाणू यांत गुंतलेली असते. मला तो दिसत नाही. तुमचं काम एकच. हात त्याच्याकडे रोखायचा आणि नजर हटवायची नाही. होडी कशीही फिरू दे. मी तुमच्या हाताच्या रोखाने येणार."

"आणि मला खात्री नसेल तर?"

"खात्री परीक्षेच्या पेपरासाठी ठेवा. क्षणभर नजर चुकली ना, तर पाण्यात माणूस परत सापडत नाही."

दोन वेळा सगळं ठीक झालं. तिसऱ्यांदा जावईबापू पाण्यात पडले आणि धुकं होडीवर आलं. बघता बघता काठ गेला, शेड गेली. शीड ओल्या चादरीसारखं जड झालं. कपाटात ओले कपडे विसरावेत तसा कुबट वास सुटला. सर हात रोखून बसले होते. करड्या पाण्यावर काळसर गोल डोकं त्यांना स्पष्ट दिसत होतं.

होडीला काहीतरी धडकलं. बाईंनी वाकून ओढलं आणि जावईबापू धपकन सरांच्या पायाशी पडले.

"काय हो सर, हे तर माझ्या बाजूला सापडले. तुम्ही भलतीकडेच काय दाखवताय?"

सरांचा हात तसाच होता.

"डॉक्टर... पाण्यात माणूस आहे."

बाईंनी डोळे बारीक करून पाहिलं. "मला काही दिसत नाहीये." पण त्यांनी सुकाणू लोटलंच. "शंका असली तरी जायचं असतं, सर. दाखवत राहा. अहो, कोण आहे? आवाज द्या..."

शिडाची दोरी डोलकाठीवर टकटक करत होती, तेवढाच आवाज.

होडी वळली तसा सरांचा हात वळला, आणि ते डोकंही वळलं. चेहरा त्यांच्याकडेच राहिला. तो माणूस हात हलवत नव्हता, की धापा टाकत नव्हता. मग सरांना आणखी एक गोष्ट दिसली. जावईबापू लाटेबरोबर वरखाली होत असत. हे डोकं होत नव्हतं. लाट डोळ्यांपर्यंत चढे, उतरे, गळा उघडा पडे, आणि डोकं जागच्या जागी. गळ्याएवढ्या पाण्यात पाय रोवून माणूस उभा राहतो, तसं.

"डॉक्टर, इथे पाणी किती खोल आहे?"

"चाळीस फूट असेल. का?"

डोकं आता जवळ येत होतं. होडी त्याच्याकडे जात होती हे खरं, पण तेही येत होतं. हात न मारता. एकेक पाऊल टाकावं तसं.

"सरळच ना?" बाई कुजबुजल्या. "सर... सरळच ना?"

तो जिवंत माणूस असला तर हात खाली घेणं म्हणजे त्याला मारणं. नसला तर... जन्मभर खात्रीशिवाय वाक्य न उच्चारलेल्या माणसाला ठरवायला एक श्वास मिळाला. त्यांनी डोळे मिटले आणि हात खाली घेतला.

"कुणी नाही. माझी चूक झाली."

होडी वळली. वळताना तिच्या तळाखालून, या टोकापासून त्या टोकापर्यंत, काहीतरी सावकाश फिरत गेलं. कुणी तळहात फिरवावा तसं. बाईंनी पाय वर उचलून घेतले.

शेडवरच्या रखवालदाराने यादी दोनदा पाहिली. सगळे परत आले होते. तरीही बाईंनी पोलिसांना कळवलं. दुसऱ्या दिवशी तळं धुंडाळलं गेलं, काही सापडलं नाही आणि आसपासचं कुणी हरवलेलंही नव्हतं. "तुम्ही हात खाली घेतलात ते बरंच केलंत," बाई फोनवर म्हणाल्या. सरांना मात्र ते बरं वाटेना.

बुधवारी जेवताना त्यांचा उजवा हात आपोआप उचलला गेला. घास तसाच, बोटं खिडकीकडे. तिकडे दूर टेकडीमागे तळं होतं. त्यांनी डाव्या हाताने तो खाली दाबला.

"मुंग्या आल्या का, बाबा?" सूनबाईने विचारलं.

गुरुवारी हात टेकडीकडे नव्हता, अलीकडच्या पुलाकडे होता. शुक्रवारी शाळेच्या मैदानाकडे. शनिवारी संध्याकाळी सर हात मांडीखाली दाबून आरामखुर्चीत बसले होते. तो सुटला, आणि बाहेरच्या दाराकडे रोखला गेला.

सूनबाई ओले हात पुसत स्वयंपाकघरातून आली. तिने सासऱ्यांकडे पाहिलं, हाताच्या रोखाने दाराकडे पाहिलं, "कुणी आलंय का?" म्हणत पुढे गेली. सर "थांब" म्हणेपर्यंत ती दाराशी पोचली होती. कडी वाजली. ती दबक्या आवाजात कुणाशी तरी बोलली आणि परत आली.

"बाबा, तुमच्या क्लबातले कुणीतरी आहेत वाटतं. चिंब भिजलेत हो. पाय पुसा म्हटलं, तर खाली बघायलाच तयार नाहीत, नजर सारखी इकडेच... आत या म्हणून सांगितलंय मी."

सरांनी डोळे गच्च मिटले. मिटल्या डोळ्यांपुढे त्यांचा हात दारापासून सावकाश, माणसाच्या चालीने, खोलीत वळू लागला.